दादाच्या म्हशीचं दूध परत आलं : सीमाभागातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि डॉक्टरांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यातल्या सर्व आरोग्य अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना आणि माझ्या सिस्टर भगिनींना सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं बेळगावात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. आता खानापूर तालुक्यात माहेरच्या गावी राहते. दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ क्रॉइट्झफेल्ट-जेकब या मेंदूच्या रोगानं गेला. रिपोर्टवर नुसतं ‘सीजेडी’ लिहितात. रोग बरा होणारा नव्हता, त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. पण त्या तीन अक्षरांनंतर आमच्या घराचे जे हाल झाले, त्यातले निम्मे तरी टाळता आले असते. म्हणून हे पत्र.

दादा ६२ वर्षांचा. आषाढात रोप लावणी चालू असताना बांधावरून चालताना त्याचा पाय दोनदा चिखलात गेला. ज्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन जन्मभर चालला, तो बांध हलतोय असं म्हणायला लागला. पायरी कुठं संपते ते कळेना. ताटातली भाकरी चाचपून घ्यायचा. सगळ्यांना वाटलं, डोळे गेले. जवळच मोतीबिंदूचं शिबिर होतं, तिथं दाखवलं. मोतीबिंदू थोडा होताच, या वयात असतोच. ऑपरेशनची तारीखही मिळाली. त्या दिवशी सकाळी त्याचं प्रेशर वाढलेलं निघालं म्हणून परत पाठवलं. त्या सकाळीविषयी मला पुढं बोलायचंच आहे.

गणपतीत त्यानं आरतीचं ताट हातात घेतलं आणि ते डावीकडं कलंडत गेलं. निरांजन पाटावर पडलं, तरी त्याला पत्ता नाही. कुणी टाळी वाजवली की सगळं अंग दचकायचं, झोपेतसुद्धा. मी जवळ बसले तर माझ्याकडं बघून म्हणाला, “कोण गे तू?” आई गेल्यावर मला शाळेत पोचवायला येणारा माझा भाऊ. नवरात्रात वाचा गेली. कार्तिकात तो गेला. पहिला पाय घसरल्यापासून साडेचार महिने.

या साडेचार महिन्यांत एकानं पक्षाघात म्हटलं, एकानं मनाचा आजार म्हणून गोळ्या दिल्या, गावानं करणी म्हटलं आणि भावकीनं देवीला कौल लावला. बेळगाव झालं, मग मिरज, मग चोर्ल्याच्या घाटातून गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल. अखेर एमआरआयमध्ये मेंदूच्या सालीला लुगड्याच्या काठासारखी पांढरी किनार दिसली, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, जवळजवळ सेकंदाला एक अशा टोकदार लाटा उमटल्या, पाठीतलं पाणी तपासलं आणि नाव ठरलं. ज्या डॉक्टरांनी नाव ठरवलं ते भले होते. पण त्यांच्यासमोर तेव्हा तीस पेशंट बसले होते. त्यांनी पुतण्याला इंग्रजीत चार वाक्यांत सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

पुतण्यानं बाहेर येऊन मोबाईलवर शोधलं. पहिलं जे दिसलं ते ‘मॅड काऊ’, म्हणजे गुरांच्या मेंदूचा रोग.

तीन दिवसांत ते गावभर झालं. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी नेहमीप्रमाणं डेअरीत दूध घालायला गेली, आणि किटली तशीच भरलेली परत घेऊन आली. उंबऱ्यात ठेवली आणि काही न बोलता आत गेली. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ-दहा लिटर दूध, त्यावर दादाचं औषधपाणी चाललं होतं. ते दूध आम्ही दीड महिना परसात ओतलं. हॉटेलवाल्यानं बंद केलं, रतीब तुटला. गावाला मी दोष देत नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि घाबरलेला माणूस आपल्या लेकरांचं आधी बघणारच.

जे त्या दिवशी आशाताईंच्या तोंडून, नाहीतर पंचायतीच्या भोंग्यावरून मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायला हवं होतं, ते आता मी इथं लिहिते.

दादाला झाला तो सीजेडी गुरांपासून होत नाही. या रोगाच्या शंभर पेशंटांतल्या पंच्याऐंशीच्या आसपास लोकांना तो आपोआप होतो, बहुतेक साठीच्या आसपास किंवा त्यापुढं. दहा-पंधरा जणांत तो घराण्यातल्या जनुकातून येतो. बाहेरून लागण होऊन झालेले शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. गुरांचा रोग निराळा. तो ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. तिथं गुरांच्या खाद्यात मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांची भुकटी घालत. त्यातून तो १ लाख ८० हजारांहून जास्त गुरांत पसरला. त्या गुरांच्या मांसातून माणसांना जो झाला तो ‘व्हेरिएंट’ प्रकार. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारनं तो जाहीर केला आणि तिथं एकूण १७८ माणसं त्यानं गेली. त्यात बहुतेक तरुण होते. आमची म्हैस कडबा, पेंड आणि कोंडा खाते. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१० साली गुरांच्या या रोगाबाबत भारताला ‘नगण्य जोखीम’ असा दर्जा दिला आहे. आणि दुधातून हा रोग माणसाला गेल्याचं एकही उदाहरण नाही, ब्रिटनमध्येसुद्धा नाही. वहिनीची किटली परत पाठवायला काडीचंही कारण नव्हतं.

रोग नेमका काय आहे ते मी वहिनीला सांगितलं ते विरजणावरून. चमचाभर विरजण पातेलंभर दूध फिरवतं, तसं मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडलं की शेजारच्या सरळ प्रथिनालाही आपल्यासारखं वाकडं करतं. ते पुढच्याला, पुढचं त्याच्या पुढच्याला. मेंदूला स्पंजासारखी भोकं पडत जातात. त्या प्रथिनाला प्रायॉन हे नाव स्टॅनले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिलं आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. विरजणात निदान जिवाणू असतात, तापवलं तर मरतात. प्रायॉनमध्ये जीवच नाही, मग मरणार काय? वहिनी चौथी शिकलेली. तिला हे पाच मिनिटांत समजलं. मग तिनं जे विचारलं ते कुठल्याही डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं होतं, “मी त्यांच्या ताटातलं उष्टं खाल्लं, मला होईल? पोरांना होईल?”

होत नाही. शिवण्यानं, जवळ झोपण्यानं, उष्ट्यानं, खोकल्यानं, कपडे धुण्यानं होत नाही. पेशंटला भरवा, अंग पुसा, मांडीवर डोकं घ्या. पोरांचं म्हणाल तर घराण्यात आधी कुणाला असं झालेलं असेल तर जनुकाची चाचणी करता येते. ती करायची की नाही हे सगळं नीट समजावून सांगितल्यावर घरच्यांनी ठरवायचं. दादाच्या धाकट्या मुलीचं ठरत आलेलं स्थळ फिरलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, पण कारण आम्हाला माहीत होतं.

दादा गेला तो घरी नव्हे, एका दवाखान्यात. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्यांनी कोरोनाच्या वेळेसारखं त्याला दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, चिकटपट्टी मारली आणि “उघडू नका” एवढंच सांगितलं. वहिनीला शेवटचं तोंड दिसलं नाही. अंघोळ घालता आली नाही. ज्याचं पोस्टमॉर्टेम झालेलं नाही, मेंदू उघडलेला नाही, अशा देहाला घरच्यांनी हात लावण्यात, नेहमीची काळजी घेऊन अंघोळ घालण्यात, सरणावर ठेवण्यात धोका नसतो. मी तेव्हा हे जाणत होते, तरी तिथं माझं चाललं नाही. गावात आलो तर तिरडीजवळ माणसं लांब उभी. खांदा द्यायला पुढं झाले ते पुतण्या, माझा नवरा आणि पलीकडच्या आळीतल्या कन्नड घरातले दोघे भाऊ. त्या दोघांचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

आता त्या मोतीबिंदूच्या सकाळीविषयी.

या रोगात काही जणांना सुरुवातच नजरेपासून होते. डोळा धड असतो, बिघाड मेंदूच्या मागच्या भागात असतो. असे पेशंट आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडं जातात, आणि त्यातल्या काहींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही जातं. दादाचं प्रेशर त्या दिवशी ठीक असतं तर तो टेबलावर गेला असता, आणि शिबिरात त्याच्यामागं रांगेत बसलेल्यांसाठी तीच हत्यारं उकळून, औषधात बुडवून वापरली गेली असती. मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्याच्या पुढच्या भागाचं, त्यात धोका फार कमी, म्हणून कुणी घाबरून शिबिर टाळू नये. सीमाभागातल्या शेकडो म्हाताऱ्यांना त्या शिबिरांनी नजर दिली आहे. पण मेंदू, मेंदूचं आवरण, मज्जारज्जू आणि डोळ्याचा मागचा पडदा यांच्या ऑपरेशनला हेच घडलं तर?

ते घडलेलं आहे. १९७७ मध्ये झुरिचमधल्या दोन तरुण पेशंटांची हकिगत छापून आली. एक २३ वर्षांचा, एक १७ वर्षांचा. फिट्सच्या उपचारासाठी त्यांच्या मेंदूत चांदीच्या तारांचे इलेक्ट्रोड घातले होते. तेच इलेक्ट्रोड आधी सीजेडीच्या एका बाईच्या मेंदूत घातले गेले होते. मधल्या काळात ते अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफेनं निर्जंतुक केले होते. दोघांनाही रोग झाला. दोन वर्षांहून अधिक काळानं, पुन्हा पुन्हा साफ केलेले तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत घालून पाहिले, तर त्यालाही झाला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचता वाचता थांबले. फॉर्मालिनच्या गोळ्या घातलेल्या पेटीत हत्यारं ठेवून ‘स्टराइल’ अशी चिठ्ठी मी स्वतः कित्येक वर्षं लावली आहे. नेहमीच्या जंतूंसाठी ते चालायचं. प्रायॉनला फॉर्मालिन मारत तर नाहीच, उलट ते त्याला धातूवर घट्ट बसवतं. अल्कोहोलनं काही होत नाही. उकळून काही होत नाही. नेहमीच्या ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, नेहमीची सायकल पुरत नाही. हत्यारावर रक्त-मांस वाळू दिलं तर काम आणखी अवघड. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली सांगितलेली रीत अशी : शक्यतो एकदाच वापरायची हत्यारं घ्या आणि नंतर जाळा. ते जमण्यासारखं नसेल तर हत्यार ओलं ठेवा, ‘एक नॉर्मल’ तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासभर बुडवा, पाण्यातून काढा, मग १२१ अंशांवर तासभर ऑटोक्लेव्ह करा. दुसरी वाट १३४ अंशांवर १८ मिनिटांची. कॉस्टिक सोडा खानापूरच्या बाजारातसुद्धा मिळतो. लागतं काय, तर पेशंट टेबलावर येण्याआधी थिएटरला ते माहीत असणं. ऑपरेशननंतर आठ दिवसांनी न्यूरोलॉजिस्टचा कागद आला तर कुठलं हत्यार कुठल्या ड्रममध्ये गेलं हे सांगणार कोण? आमच्या काळी तरी हत्यारांच्या संचाला नंबर नव्हते.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. मेंदूचं, मणक्याचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करण्याआधी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना तीन प्रश्न विचारले जावेत : गेल्या काही महिन्यांत स्मरण, चाल किंवा नजर झपाट्यानं बिघडली का? घराण्यात कुणी असं गेलं का? लहानपणी वाढीसाठी मृत माणसाच्या ग्रंथीतून काढलेल्या हार्मोनची इंजेक्शनं दिली होती का, किंवा ऑपरेशनमध्ये मृत माणसाच्या मेंदूचं आवरण वापरलं होतं का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडं क्वचितच लागू पडेल, पण तो मनात आला तो उगीच नव्हे. असं हार्मोन दिलेल्या मुलांपैकी एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून जास्त जण या रोगानं गेले. जपानमध्ये आवरणाच्या तुकड्यांतून १४०हून जास्त जणांना तो झाला. हे तीन प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये छापून केसपेपरला जोडायला खर्च तो किती?

लॅबमधल्या पोरांसाठीही लिहिते. २०१० मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत प्रायॉनवर काम करणाऱ्या एका तरुणीच्या बोटाला चिमटा टोचला. साडेसात वर्षांनी तिला लक्षणं सुरू झाली आणि ती गेली. पाठीतल्या पाण्याचा नमुना पाठवताना त्यावर संशय स्पष्ट लिहा. टेक्निशियनला कळू दे की हातात काय आहे.

आता मोजणीचं. जगभर या रोगाचं प्रमाण वर्षाला दहा लाखांमागं एक ते दोन पेशंट असं धरतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार, कोल्हापूरची ३८ लाख ७६ हजार. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला आठ-दहा माणसं तरी या रोगानं जात असावीत. आपल्याकडं म्हाताऱ्यांचं प्रमाण कमी, म्हणून थोडी कमी धरा. तरी ती कुठं आहेत? ती ‘लकवा’, ‘म्हातारचळ’, ‘करणी’ यांत आहेत. दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय व श्वास बंद पडल्यामुळे’ असं लिहिलं आहे. हृदय आणि श्वास कुणाचे बंद पडत नाहीत? त्याचा एमआरआय एका राज्यात झाला, ईईजी दुसऱ्या, पाठीतलं पाणी तिसऱ्या. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला, चंदगडचा बेळगावला, खानापूरचा कधी बेळगावला तर कधी गोव्याला. राज्याची हद्द आहे तशी राहू दे, तिचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. पण पेशंटचा कागद हद्दीवर अडकू नये. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू करायची म्हणून २०२३ मध्ये दोन्ही सरकारांत केवढी वादावादी झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मी मागते ते त्याहून फार लहान आहे : झपाट्यानं वाढणाऱ्या विस्मरणाच्या पेशंटांची एकच यादी, जी बेळगावच्या, मिरजेच्या, कोल्हापूरच्या आणि बांबोळीच्या न्यूरोलॉजीवाल्यांना बघता येईल आणि भरता येईल. ब्रिटनमध्ये एडिंबरोला १९९० पासून या एकाच रोगावर नजर ठेवणारं केंद्र आहे. व्हेरिएंट प्रकार नवा आहे हे १९९६ मध्ये तिथंच कळलं, कारण मोजणी आधीपासून चालू होती. उद्या आपल्याकडं तरुण पोरांत असं काही दिसायला लागलं, तर ते नेहमीपेक्षा जास्त आहे हे कशावरून ओळखायचं?

यादीचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. काही महिन्यांत माणूस विसरभोळा होतो, तोल जातो, झटके येतात, असे सगळेच पेशंट सीजेडीचे नसतात. काहींच्या शरीरातली रोगप्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलेली असते, काहींना बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता असते. हे आजार वेळेवर ओळखले तर बरे होतात. दादाला पहिले दोन महिने मनाच्या गोळ्या दिल्या. त्याला सीजेडी होता म्हणून त्या दोन महिन्यांनी फरक पडला नाही. दुसऱ्या कुणाचे तेच दोन महिने त्याचा जीव घेतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी असा पेशंट आला की ‘थांबून बघू’ म्हणू नये, सरळ पुढं पाठवावा. मेंदू आणि मनाच्या आजारांची सरकारी संस्था धारवाडला आहे, बेंगळुरूला तशीच मोठी निम्हान्स आहे.

निम्हान्समध्ये मेंदूची पेढीही आहे. या रोगाचं पक्कं निदान अजूनही मेंदूचा तुकडा तपासल्यावरच होतं. दादा गेल्यावर आम्हाला एका ठिकाणी मेंदू तपासायला देण्याविषयी विचारलं. कागद कन्नड आणि इंग्रजीत. वहिनीपुढं ठेवला, आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी वाचून सांगेपर्यंत तो माणूस कागद घेऊन गेला, “नको असेल तर राहू द्या” म्हणाला. तिला समजावून सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती. आजही म्हणते. आणि तसं झालं असतं तर पोरांच्या जनुकाबद्दल काहीतरी कळलं असतं.

जिथं भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत असा नियम आहे. खानापूर तालुक्यात मराठी माणूस किती आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. इतर कागदांचं ज्यांनी भांडायचं ते भांडोत. मी संमतीपत्राचं आणि माहितीपत्रकाचं म्हणते. मरणाऱ्या माणसाच्या बायकोला ज्या कागदावर सही करायची तो तिला वाचता आला पाहिजे. कन्नड घरातल्या बाईला कोल्हापुरात किंवा मिरजेत कन्नडमधून मिळाला पाहिजे. मराठी मजकूर मी लिहून देते. कन्नड मजकुरासाठी माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेली सिस्टर तयार आहे.

आमच्या म्हशीचं दूध आता डेअरीत जातं. त्याला एक बैठक कारणीभूत झाली. गावातल्या शाळेत, पावसात, एका तरुण सरकारी डॉक्टरांनी येऊन अर्धा तास बोलून सगळ्यांसमोर आमच्या घरचा चहा घेतला. ते कुणी पाठवलं म्हणून आले नव्हते, पुतण्यानं पायाला पडून आणलं होतं. पुढच्या घरासाठी ते कुणाच्या तरी कामाच्या यादीत असावं.

दादाची सगळी फाईल माझ्याकडं आहे : एमआरआयच्या फिल्म, ईईजीची पट्टी, तीन राज्यांतले रिपोर्ट, तो दाखलाही. पुढच्या सोमवारी ती घेऊन मी बेळगावच्या आरोग्य कचेरीत येते. गुरुवारी कोल्हापूरला येईन. सकाळची पहिली बस पकडली तर दहापर्यंत पोचते.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर
ता. खानापूर, जि. बेळगाव